तिसरी पायरी कुणाची

नॅशव्हिल, टेनेसी
मंगळवार, ९ एप्रिल १९९६

व्हर्ना वहिनी,

आर्लिसच्या आठवणीत गाण्यांची संध्याकाळ करायचं नक्की झालं. शनिवार, ४ मे, संध्याकाळी सहा वाजता, डॉटी ग्रीरच्या कॅफेत. डॉटीने काल दुपारी स्वतः फोन करून हे सांगितलं, आणि डॉटीने सांगितलेली तारीख बदलत नाही. आर्लिस म्हणायचा, देव एक वेळ पुढे ढकलेल, डॉटी ढकलणार नाही.

जानेवारीत त्याला पुरायला आपण सगळे पिजन क्रीकच्या टेकडीवर जमलो तेव्हा जमीन इतकी गोठली होती की कुणाला धड बोलताही आलं नाही. म्हणून तुम्ही इकडे याच. चार गीतकार मधोमध गोल बसतील आणि आळीपाळीने आर्लिसची गाणी म्हणतील. प्रत्येक गाण्याआधी ते कसं जुळलं हे लिहिणाऱ्याने सांगायचं, अशी इथली रीत आहे. आता आर्लिस नाही, तेव्हा ज्यांनी त्याच्याबरोबर लिहिलं ते सांगतील. छोटी पुस्तिका लिहायचं काम डॉटीने माझ्या गळ्यात घातलंय. मजकूर तिला महिनाअखेरीच्या आत हवा. निवृत्त झालो तरी माझ्या डोक्यावर संपादक आहेच!

शेवटचं गाणं अर्थातच 'तिसरी पायरी'. त्याशिवाय लोक उठणार नाहीत. आणि तिथेच मी अडलोय. रेकॉर्डवर दोन नावं आहेत: आर्लिस नेपियर आणि इमोजीन टॅकेट. ही इमोजीन कोण, ते डॉटीला माहीत नाही, मलाही नाही. तिच्या नावावर दुसरं एकही गाणं सापडत नाही. आर्लिसला मी एकदोनदा विचारलं होतं, तर तो हवामानावर बोलायला लागला. ते गाणं आलं तेव्हा मी लुइव्हिलच्या पेपरात होतो, तुमच्याकडच्या गोष्टी मला फारशा कळल्याच नाहीत.

तुम्हाला नक्की माहीत असणार. तिचा पत्ता असेल तर कळवा. तिला बोलावता येईल, तुमच्याशेजारी बसवता येईल.

तुमचा,
डेल्बर्ट


पिजन क्रीक, केंटकी
शनिवार, १३ एप्रिल

डेल्बर्ट,

तुझं पत्र पोचलं. बटाटे गुड फ्रायडेलाच लावून झाले. घेवडा अजून लावलेला नाही, थंडीची एक लाट यायची आहे. कुत्रा बरा आहे.

मी येणार नाही.

त्या बाईचा पत्ता माझ्याकडे नाही. असता तर बावीस वर्षांपूर्वीच कामाला आला असता. तू चुलतदीर आहेस आणि लहानपणी माझ्या हातची भाकरी खाल्ली आहेस म्हणून लिहिते, नाहीतर तुझं पत्र चुलीत गेलं असतं. माझ्याशेजारी बसवतोयस तिला! तीस-तीस वर्षं पेपरात काढून तुम्हा लोकांना एवढंही कळत नाही, की जे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही, ते विचारायचं नसतं?

आता विचारलंच आहेस तर ऐक. चौऱ्याहत्तर साली आर्लिसने पोस्टाने रेकॉर्ड पाठवली. वर्षातले आठ महिने तो तिकडेच असायचा, गाणी विकायला. तोवर त्याची गाणी इतरांनी गायली होती, पण अशी गाजलेली ही पहिलीच. मी ती लावायच्या आधी लेबल वाचलं. वाचलं आणि परत पाकिटात घातली. आजपर्यंत लावलेली नाही.

तरी गाणं मला पाठ आहे. ओढ्यापलीकडे शेजारच्या हॅगर्टींचा रेडिओ एवढ्या मोठ्याने लागतो की न ऐकून सांगते कुणाला.

दुसरीवरून चौथीवर टाकलं पाऊल,
लागू नये झोपेला तिच्या माझी चाहूल.

ती पायरी माझी आहे, डेल्बर्ट. माझ्या ओट्याची. त्याच्या बापाने ती ओल्या लाकडाची केली, म्हणून कुरकुरते. गाडी पकडून उशिरा आला की आर्लिस ती ओलांडून यायचा, मी जागी होऊ नये म्हणून. नवरा-बायकोतली गोष्ट. ती त्याने दुसऱ्या बाईबरोबर बसून, तिला सांगून, तिच्याबरोबर जुळवली आणि दोघांचं नाव घातलं. माझी पायरी आणि तिचं नाव.

मी त्याला एका ओळीचं पत्र लिहिलं: "जे केलंस ते मला कळलं, आता या घरात येऊ नकोस." त्याने उलट उत्तर पाठवलं नाही. दर मे महिन्यात थडगी साफ करायला सगळे येतात तेव्हा तो यायचा. मी ताट वाढून द्यायची, वाढणं सोडलेलं नाही कधी. तो दुसऱ्या पायरीवर बसून जेवायचा आणि निघून जायचा. बावीस वर्षांत तिसरी चढला नाही. अपराधी माणूस असाच बसतो.

पायरी अजून कुरकुरते. पुतण्या दोनदा हातोडी घेऊन आला, मी परत पाठवला. का, ते विचारू नकोस.

व्हर्ना


नॅशव्हिल
बुधवार, १७ एप्रिल

व्हर्ना वहिनी,

चूक झाली. मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही वेगळे राहता ते आर्लिसच्या फिरतीमुळे, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

पण तुमच्या पत्रानंतर मला स्वस्थ बसवेना. सवयीचा दोष. मी आर्लिसची सगळी गाणी काढली आणि कुणाकुणाची नावं आहेत ती नुसती वाचत गेलो. वाचता वाचता मला हसू यायला लागलं.

'कोळशाची धूळ' या गाण्यावर क्लीटस वायट असं एक नाव आहे. मला वाटलं कुणी जुना गीतकार असेल. तो न्हावी निघाला! अजून दुकान चालवतो. म्हणाला, "आर्लिस माझ्या खुर्चीत बसून गुणगुणत होता. मी म्हटलं, मान हलवू नकोस, कान कापला जाईल. एवढंच बोललो मी. वर्षभराने रेकॉर्ड आली, तिच्यावर माझं नाव. मी त्याला म्हटलं, अरे, मी काय केलं? तर म्हणतो, तू खोलीत होतास." क्लीटसने ती रेकॉर्ड आरशाच्या वर लावून ठेवली आहे.

दुसऱ्या एका गाण्यावर एका बस ड्रायव्हरचं नाव आहे. आणि एका मेथडिस्ट पाद्रीबाबांचं होतं, पण गाणं दारूचं, म्हणून त्यांनी हातापाया पडून काढायला लावलं.

मी डॉटीला विचारलं, हा काय प्रकार? ती म्हणाली, इथे नियमच आहे. तीन गीतकार सकाळी एका खोलीत बसले आणि दुपारी गाणं घेऊन बाहेर पडले, की तिघांचं नाव सारखं. एकाने सगळं लिहिलं आणि दुसऱ्याने फक्त कॉफी ढवळली, तरी सारखं. कुणाची ओळ कुठली, हे मोजत बसलं की दुसऱ्या दिवशी कुणी कुणाबरोबर बसणार नाही. "पण आम्ही हा नियम गीतकारांपुरता पाळतो," डॉटी म्हणाली. "आर्लिसला ते कधी पटलंच नाही. खोलीत मांजर असतं तर त्याने मांजराचंही घातलं असतं. आम्ही त्याला वेडा म्हणायचो."

मग इमोजीन टॅकेटही अशीच कुणी असेल का, वहिनी? मला ठाऊक नाही. तुमच्या समाधानासाठी मी काही रचून सांगणार नाही. पण टेलिफोनच्या पुस्तकात टॅकेट पुष्कळ आहेत आणि मला सध्या दुसरा उद्योग नाही.

डेल्बर्ट


पिजन क्रीक
रविवार, २१ एप्रिल

डेल्बर्ट,

चर्चमधून आले आणि बसले लिहायला. आज प्रार्थनेत काही लक्ष लागलं नाही, ते पाप तुझ्या खात्यावर.

तुझी डॉटी नॅशव्हिलची असेल, तिला हा वेडेपणा वाटतो. मला नाही वाटला. तुलाही वाटायला नको होता, तूही याच क्रीकचा. पहिली कडक थंडी पडली की मामंजी डुकरं कापायचे, आठवतं? उकळत्या पाण्याचं पिंप, माणसं जमलेली. जो तिथे हजर असेल तो मांस घेतल्याशिवाय घरी जायचा नाही. सुरी धरलेली असो नाहीतर खिशात हात घालून उभा असो. एकदा कुणी विमा विकणारा रस्ता चुकून आला होता, त्यालाही मामंजींनी पाठीचं मऊ मांस कागदात बांधून दिलं. तो नको नको म्हणत होता. मामंजी म्हणाले, "धूर तुमच्या डोळ्यांत गेला ना? मग घ्या."

म्हणजे आर्लिसने तिकडे जाऊन बापाचाच नियम चालवला. हे मला पटतं. न्हाव्याचं ऐकून तर मी एकटीच हसले, कुत्रा उठून बघायला लागला.

पण आता माझा प्रश्न ऐक. हसल्यानंतर तोच मला दिवसभर खातोय.

त्या पिंपाशी मी एकोणीस वर्षं उभी होते, डेल्बर्ट. आमचं लग्न पंचावन्नचं. तो नॅशव्हिलला जायच्या आधीची आणि सुट्टीत यायचा तेव्हाची गाणी याच घरात झाली. न्हाव्याचं नाव, ड्रायव्हरचं नाव, काढायला लावेपर्यंत पाद्र्याचंसुद्धा नाव. मग माझा वाटा कुठे आहे? एकाही गाण्यावर नाही. मी आज आतून सगळ्या रेकॉर्ड काढून पाहिल्या.

आणि एक आठवतंय ते सांगते. तो आतल्या खोलीत गिटार घेऊन बसलेला असायचा. मी काही कामाने आत गेले की थांबायचा. गिटार भिंतीला टेकवायचा आणि विचारायचा, जेवायला काय आहे? दर वेळी. मला वाटायचं दमला असेल. आता वाटतंय, मला वाटा द्यावा लागू नये म्हणून तर थांबत नसेल ना? परक्यांना देणारा माणूस घरच्याला चुकवतो, असंही पाहिलंय मी.

त्या बाईचं राहू दे. सापडली काय, न सापडली काय. मला याचं उत्तर हवंय, आणि देणारा टेकडीवर जाऊन झोपलाय.

व्हर्ना


नॅशव्हिल
शनिवार, २७ एप्रिल

व्हर्ना वहिनी,

पुस्तिकेचा मजकूर कालच द्यायचा होता. दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा वेळ चुकवली. डॉटी चिडलीय, पण गुरुवारपर्यंत थांबायला तयार आहे.

इमोजीन टॅकेट सापडली. इथून तासाभरावर कोलंबियाला मुलीकडे राहते. वय एक्याऐंशी. मी गेलो तेव्हा ओट्यावर बसून उशांचे अभ्रे घडी करत होती. मुलगी म्हणाली, "घडी केलेलेच परत घडी करते. हात रिकामे राहवत नाहीत तिला."

जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो. मी विचारलं, आर्लिस नेपियरला ओळखता का?

"सोमवारवाला," ती म्हणाली. "निळे शर्ट. कॉलर नेहमी फाटकी."

ती नॅशव्हिलला नाणी टाकून यंत्रात कपडे धुवायच्या दुकानात कामाला होती, हॉटेलांच्या चादरी घडी करायला. आर्लिस दर सोमवारी कपडे घेऊन यायचा. कपडे फिरत असायचे आणि हा बाकावर बसून ओळी जुळवायचा. त्याचं म्हणणं, तिथे उबदार असतं आणि यंत्रं ताल धरतात.

"त्या दिवशी अडला होता," ती म्हणाली. "मला म्हणतो, मॅडम, एक माणूस रोज तिसरी पायरी चुकवून घरात येतो, बायको उठू नये म्हणून. छान आहे, पण पुढे काय? गाणं इथेच थांबतंय. मी म्हटलं, आता त्याला तीवर पाय द्यायला लाव. मुद्दाम. तो म्हणाला, का? मी म्हटलं, कारण आता उठायला कोण आहे आत?"

ती अभ्रा झटकत म्हणाली, "माझा नवरा जाऊन तीन आठवडे झाले होते, पेपरवाल्या. मी दारं आपटत हिंडत होते घरात. कुणी रागवायला नाही."

आज तिसरीवर दिला मी मुद्दाम पाय,
कुरकुरली बिचारी, पण ऐकायला कोण हाय?

तेव्हा हिचं नाव नुसतं हजेरीचं नाही, वहिनी. ते कडवं हिचं आहे. बाकी सगळं तुमच्या ओट्याचं. त्या बाकावरच्या ओळखीपलीकडे दुसरं काही होतं का, असं मी तिला सरळ विचारलं. विचारणं भाग होतं. ती इतकी हसली की मुलगी आतून धावत आली. "अगं ऐक, हा म्हणतो माझं लफडं होतं! आता सांगतोय! तेव्हा सांगितलं असतं तर केस तरी विंचरले असते."

मग मी तुमचा प्रश्न विचारला. बायकोचं नाव एकाही गाण्यावर का नाही, याबद्दल तो कधी काही बोलला का?

"मी विचारलं होतं त्याला," ती म्हणाली. "त्याच दिवशी. मी म्हटलं, गाण्यात मला वाटा देतोयस, घरी बायको आहे ना, तिच्याबरोबर का नाही लिहीत? तर म्हणतो, प्रयत्न केला. ती खोलीत आली की मला कशाचं दुःख होत होतं तेच आठवत नाही. भूक लागते. आता असं झाल्यावर माणसाने पोट कशावर भरायचं?"

वहिनी, मी यात माझा एकही शब्द घातलेला नाही. दोनदा विचारून घेतलं.

अजून एक आहे. तुमचं ते एका ओळीचं पत्र त्याने तिला सांगितलं होतं. इमोजीन म्हणते, त्याची समजूत अशी झाली की घरातली पायरी न विचारता गाण्यात घातली, जगापुढे मांडली, म्हणून तुम्ही रागावलात. "बरोबर आहे तिचं," म्हणायचा. "पायरी तिची. ती हो म्हणेपर्यंत मला तीवर पाय ठेवायचा हक्क नाही."

इमोजीन शनिवारी येणार आहे. गाण्याआधी शेवटच्या कडव्याचं ती सांगेल. पहिल्या दोन कडव्यांचं सांगणारं कुणी नाही. डॉटी म्हणते तिथे नुसती गिटार वाजवू.

तुम्ही नाही आलात तरी मी समजेन.

डेल्बर्ट


पिजन क्रीक
मंगळवार, ३० एप्रिल

डेल्बर्ट,

पत्र काल दुपारी आलं. वाचलं, आणि जाऊन घेवडा लावला. थंडी पुन्हा पडली तर पडो. हाताला काहीतरी हवं होतं, तुझ्या त्या म्हातारीसारखंच.

बावीस वर्षं! जाळीच्या दाराच्या अलीकडे मी, पलीकडे तो, मध्ये एक पायरी, आणि दोघांपैकी एकानेही तोंड उघडून विचारलं नाही. बरं, बोलत नव्हतो असंही नाही. त्याचा गुडघा, माझे बटाटे, हॅगर्टींचा रेडिओ, सगळ्यावर बोललो. नेपियरांना हट्ट असतो हे मला माहीत होतं. लग्न करून आलेल्यांनाही लागतो हे माहीत नव्हतं. तुला म्हणून सांगते, मी अजून त्याच्यावर रागावलेलीच आहे. फक्त कारण बदललं. आणि त्यातला अर्धा राग आता मला स्वतःलाच घ्यावा लागतोय.

त्याच्या त्या बोलण्यावर मी काही लिहिणार नाही. ते माझं आहे, पुस्तिकेत घालू नकोस. घातलंस तर तुझ्या आईच्या थडग्यावरचं गवत यंदा तुझं तूच काढ.

काल संध्याकाळी रेकॉर्ड लावली. सुई जुनी आहे, खरखरते. आर्लिसने आवाज कुणा मोठ्या गायकाचा घेतलाय, पण ओळी त्याच्याच. कडवं म्हातारीचं चांगलं आहे. बाकीच्यात एक चूक आहे, आणि ती कुणालाही कळणार नाही, मला सोडून. त्याला वाटायचं मी झोपलेली असायची. मी कधीच झोपलेली नसायची. पहिली पायरी वाजायची, दुसरी वाजायची, मग काहीच नाही, मग चौथी. त्या 'काहीच नाही'वरूनच मला कळायचं की हा आर्लिस आहे, दुसरं कुणी नाही. परका असता तर तिसरीवर पाय दिला असता. मग मी कुशीवर वळायची आणि झोपेचं सोंग घ्यायची, कारण त्याने एवढा खटाटोप केलेला असायचा.

तेव्हा डॉटीला सांग, गिटार नंतर वाजव. पहिल्या दोन कडव्यांचं मी सांगेन.

पुतण्याने शुक्रवारी पिकअप मोकळा ठेवलाय, सकाळी निघू. तुझ्याकडेच उतरेन. येताना वाळवलेल्या घेवड्याची माळ आणि मक्याचं पीठ आणते, तुमच्या तिथल्या पिठात साखर घालतात असं आर्लिस म्हणायचा, मला ते चालत नाही. इमोजीनबाईंसाठी वेगळी पुडी आणते. तिचा वाटा.

माझी खुर्ची भिंतीकडे ठेवू नका. त्या चौघांच्या गोलात ठेवा, जिथे गाणं चाललेलं असतं तिथेच. आणि गाणाऱ्या पोरांना आधीच सांगून ठेव: मी आत आले म्हणून कुणी थांबायचं नाही.

व्हर्ना